कॅरिबियन कादंबऱ्यांतला पिढीजात आघात आणि लैंगिक ओळख

आईबापांवर, आजीआजोबांवर जे गुदरलं ते कुणी नीट सांगत नाही, तरी पोरांच्या अंगात उतरतंच, त्याला पिढीजात आघात म्हणतात. कॅरिबियन कादंबऱ्यांत त्याचं मूळ शोधत गेलं की बहुतेक वेळा आपण उसाच्या मळ्यात पोचतो. ब्रिटिश वसाहतींतली गुलामी १८३८ ला पूर्ण संपली, मग मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर नेले, पहिलं जहाज त्रिनिदादला ३० मे १८४५ ला लागलं आणि १९१७ पर्यंत तिथे साधारण १ लाख ४३ हजार माणसं गेली.

शानी मूटू यांची 'सिरियस ब्लूम्स ॲट नाइट' (१९९६) याच जहाजी लोकांच्या वंशजांची गोष्ट आहे, बेट मात्र काल्पनिक. मजुराचा मुलगा चांदिन मिशनरी पाद्र्याच्या घरी वाढतो, पाद्र्याच्या मुलीवर, लॅव्हिनियावर त्याचा जीव जडतो पण ती तुझी बहीण असं सांगून त्याला गप्प करतात. पुढे त्याची बायको सारा त्याच लॅव्हिनियासोबत निघून जाते, मुली मागे राहतात आणि हा बाप आपल्याच मुलींवर अत्याचार करतो. वसाहतीने त्याला मोडलं हे खरंच, पण म्हणून त्याला माफी नाही, आणि कादंबरीही ती देत नाही.

एडविज दांतिका यांच्या 'ब्रेथ, आईज, मेमरी' (१९९४) मध्ये हैतीतली आजी आपल्या मुलीचं कौमार्य तपासत आलेली, तीच मुलगी पुढे आई होऊन स्वतःच्या लेकीला तपासते. त्या आईवर बलात्कार झाला तोही उसाच्या शेतात.

एक गैरसमज इथे नेहमी होतो, की आघात झाला म्हणून माणूस समलिंगी किंवा ट्रान्स होतो. मूटूंच्या कादंबरीत असं काही नाहीये. तिथे ओटोह मुलगी म्हणून जन्मतो, मुलगा म्हणून वाढतो, गावाला त्याचं विशेष वाटत नाही. आणि चांदिनची थोरली मुलगी माला म्हातारपणी निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमात येते तेव्हा पक्ष्यांचे, किड्यांचे आवाज काढते, माणसांशी बोलत नाही, गाव तिला वेडी म्हणतं. तिची काळजी घेतो टायलर, बायकी म्हणून हिणवला जाणारा पुरुष नर्स. एके दिवशी माला त्याच्यासाठी बाई नर्सचा ड्रेस चोरून आणते, तो घालतो, आणि तिला त्यात काहीच वेगळं वाटत नाही. हळूहळू ती बोलायला लागते तीही त्याच्याचजवळ.