क्लायंट-साइड स्कॅनिंग

क्लायंट-साइड स्कॅनिंग म्हणजे मेसेज किंवा फोटो एन्क्रिप्ट व्हायच्या, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद व्हायच्या आधी, पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच तपासून घेणं. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच उघडता येईल असं कुलूप असलं की मधल्या कंपनीला काहीच वाचता येत नाही, मग सर्व्हरवर तपासायचं तरी काय, म्हणून ही पळवाट निघाली. कुलूप तोडलं नाही असं म्हणायला तपासणारे मोकळे, कारण ते लागायच्या आधीच आत डोकावून झालेलं असतं!

यात मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आधीच सापडलेल्या फोटोंचे हॅश, म्हणजे एक प्रकारचे ठसे, एका यादीत असतात आणि फोनमधल्या फोटोचा ठसा त्यांच्याशी ताडून बघतात. फोटो थोडा कापला किंवा लहान केला तरी ओळखू यावा म्हणून हे हॅश मुद्दाम जरा सैल ठेवतात आणि गोची तिथेच होते, भलताच फोटोही जुळू शकतो. ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूरलहॅश ही आपली अशीच हॅश पद्धत जाहीर केली आणि त्याच महिन्यात लोकांनी एकच हॅश येणारे दोन वेगळे फोटो करून दाखवले. डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलने तो बेत सोडूनच दिला.

पण डिजिटल हक्कवाल्यांचा मोठा आक्षेप चुकांपेक्षा यादीवर आहे. नुसत्या ठशावरून मूळ फोटो कळत नाही, म्हणजे आपला फोन नेमकं काय शोधतोय हे आपल्यालाच माहीत नाही, उद्या त्यात सरकारची टर उडवणारं एखादं कार्टून घुसवलं तर कळणार कुणाला?

यावरून जोरदार भांडण झालं ते ब्रिटनमध्ये. तिथला ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट २६ ऑक्टोबर २०२३ ला मंजूर झाला, त्याच्या कलम १२१ नुसार ऑफकॉम ही तिथली नियामक संस्था कंपन्यांना असा शोषणाचा मजकूर शोधायला मान्यताप्राप्त तंत्रज्ञान वापरायची नोटीस देऊ शकतं. एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था म्हणते की एन्क्रिप्शनमुळे शोषण दिसेनासं होतं, आणि ही काळजी काही खोटी नाही. ओपन राइट्स ग्रुप या डिजिटल हक्कांच्या संघटनेने मात्र विरोध लावून धरला, सिग्नल या मेसेजिंग ॲपच्या प्रमुख मेरेडिथ व्हिटकर तर म्हणाल्या की एन्क्रिप्शन कमकुवत करायला लावलं तर आम्ही ब्रिटन सोडू. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने संसदेच्या वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये सांगितलं की तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेव्हाच नोटीस निघेल. झालं, दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो म्हणून घेतलं, कलम मात्र कायद्यात तसंच राहिलं.

युरोपियन कमिशनने असाच प्रस्ताव मे २०२२ मध्ये आणला, विरोधकांनी त्याचं नाव ठेवलं ‘चॅट कंट्रोल’.