पोर्तुगाल 1974 : फुलांच्या क्रांतीमागचा गोवा

25 एप्रिल 1974 च्या पहाटे सांतारेंच्या घोडदळ शाळेतून कॅप्टन साल्गैरो माया यांची चिलखती वाहनं लिस्बनकडे निघाली. त्याआधी, मध्यरात्र उलटल्यावर वीस मिनिटांनी, रेडिओवर एक ठरलेलं गाणं वाजलं होतं. उठावात सामील असलेल्या सैनिकांसाठी तीच खूण होती. संध्याकाळपर्यंत पंतप्रधान मार्सेलु काएतानु शरण आले आणि जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही एका दिवसात कोसळली. गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून जमावावर गोळ्या झाडल्या, त्यात चौघांचा जीव गेला. ही चार माणसं विसरून या दिवसाला 'रक्तहीन' म्हणणं मला पटत नाही.

क्रांतीला नाव मिळालं ते फुलांवरून. उपाहारगृहात काम करणाऱ्या सेलेस्ते काएइरो त्या दिवशी कार्नेशनची फुलं घेऊन घरी निघाल्या होत्या. वाटेत एका सैनिकानं सिगारेट मागितली. ती जवळ नव्हती, म्हणून त्यांनी फूल दिलं आणि त्यानं ते बंदुकीच्या नळीत खोवलं.

पण बंदूकवाले सरकारवर का उलटले, हे समजायचं तर 1961 पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी अंगोला या पोर्तुगीज वसाहतीत युद्ध पेटलं आणि डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता. हाताशी असलेल्या तुटपुंज्या फौजेनिशी ती निव्वळ आत्महत्या ठरली असती. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांनी तो हुकूम मोडून शरणागती पत्करली. माणसं वाचली, पण गव्हर्नरांना मात्र सैन्यातून बडतर्फ करण्यात आलं. हा अपमान अधिकाऱ्यांच्या मनातून गेला नाही. पुढे गिनी आणि मोझांबिकमध्येही युद्ध भडकलं. गिनीत हरलो तर खापर पुन्हा आपल्याच माथी फुटणार, ही धास्ती तरुण कॅप्टनांना होती. 1973 मध्ये बढतीच्या नव्या नियमांनी त्यांचा संताप उफाळला. बैठका सुरू झाल्या त्या तिथून.

क्रांतीनंतर लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगाचे दरवाजे उघडले आणि राजकैदी बाहेर आले. मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे याच तुरुंगात होते. गोवा मुक्त झाल्यावरही त्यांची सुटका झाली नाही. त्यासाठी सुधीर फडके यांनी इकडे चळवळ उभारली, तरी रानडे सुटले ते थेट 1969 मध्ये.

नवं सरकार आल्यावर जुलैत वसाहतींचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य करणारा कायदा झाला, सप्टेंबरात गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्याला मान्यता मिळाली. त्याच महिन्याच्या अखेरीस अध्यक्ष स्पिनोला यांनी राजीनामा दिला.

आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबरला, नवी दिल्लीत करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं मान्य केलं. त्यांच्याकडून परराष्ट्रमंत्री मारियु सुआरिश यांनी सही केली. हुकूमशाहीनं देशाबाहेर काढलेला हा माणूस एप्रिलच्या अखेरीस रेल्वेनं लिस्बनला परतला होता. भारताकडून सही होती कराडच्या यशवंतराव चव्हाणांची. त्या वेळी ते आपले परराष्ट्रमंत्री होते. गोवा मुक्त होऊन तोवर तेरा वर्षं झाली होती. वासालु इ सिल्व्हा यांना सैन्यातला हुद्दाही परत मिळाला तो क्रांतीनंतरच.