कादंबरीचे नाट्यरूपांतर ('कोसला'च्या संदर्भात)

वयात येणाऱ्या मुलाची कादंबरी रंगभूमीवर आणताना तिचे निवेदन, प्रसंग आणि काळ यांची केलेली नवी मांडणी. खानदेशात हा विषय निघाला की पहिले नाव निघते भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चे (१९६३). नेमाड्यांचे जन्मगाव सांगवी जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यात. नायक पांडुरंग सांगवीकराच्या आडनावातही तेच गाव आहे.

खरी कसोटी निवेदनाची. पंचविशीतला पांडुरंग सगळे स्वतःच सांगतो, 'उदाहरणार्थ', 'वगैरे' पेरत. नटाने या शब्दांवर जोर दिला की टाळी मिळते, पण पुढचे दुःख कुणाला ऐकू येत नाही. ते सहज, जवळजवळ गिळूनच बोलावे लागतात. सांगणारा आणि जगणारा असे दोन नट घेतले तर सांगणाऱ्याला स्वतःच्याच धाकट्या रूपाकडे नुसते बघत उभे राहता येते. एकपात्री प्रयोगात हे अवघड.

पुण्याचे वसतिगृह, मेसची सेक्रेटरीगिरी, गॅदरिंग हे प्रसंग संवादांसकट तयार मिळतात. म्हणून संहिता तिकडेच फुगते आणि घर, वडील, गाव कापले जाते. ही मोठी चूक आहे, कारण पांडुरंगाला परतायचे असते ते तिथेच. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. तो प्रसंग करून दाखवू नये. रिकाम्या रंगमंचावर एकट्या पांडुरंगाचा आवाज पुरतो. अजिंठ्याच्या प्रसंगालाही रंगवलेला पडदा नको; अंधार आणि एका बाजूने येणारा उजेड एवढ्यावर लेणे उभे राहते. जळगावपासून अजिंठा जेमतेम साठ किलोमीटरवर, त्यामुळे इथला प्रेक्षक उरलेले मनात भरून घेतो.

बोलीत हयगय चालत नाही. यावल-रावेरकडच्या घरांत लेवा गणबोली, धुळे-नंदुरबारकडे अहिराणी. दोन्हींची सरमिसळ करून 'खानदेशी' म्हणून खपवले, तर इथला माणूस पहिल्याच वाक्याला ओळखतो. बोली फक्त हशासाठी वापरणे त्याहून वाईट.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा 'युवारंग' हा युवक महोत्सव आणि राज्य नाट्य स्पर्धा ही अशा प्रयोगांची हक्काची व्यासपीठे. रूपांतराचा हक्क लेखकाचा असतो. तो त्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे तालमीआधी लेखी परवानगी घ्यावी लागते. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही लागते.