इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा, एच-इंडेक्स माणसाचा

गोव्यातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक बातमी हमखास येते: अमुक प्राध्यापकांचं प्रगत सिरॅमिक्समध्ये मोलाचं संशोधन, ‘त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर ४२’. शाल-श्रीफळ जरूर द्या, पण माणसाला इम्पॅक्ट फॅक्टर नसतो. तो जर्नलला, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला असतो. ते ४२ म्हणजे बहुधा त्यांचा एच-इंडेक्स. नाहीतर, आणि हे त्याहून वाईट, त्यांचे निबंध ज्या ज्या जर्नलांत आले त्या सगळ्यांच्या इम्पॅक्ट फॅक्टरांची बेरीज. बायोडेटात अशी बेरीज दिसली की समजावं, लिहिणाऱ्याला आकडा कशाचा आहे हेच कळलेलं नाही.

एच-इंडेक्स बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ साली मांडला. एखाद्याचे निबंध सायटेशनच्या, म्हणजे इतर निबंधांनी त्यांचा किती वेळा हवाला दिला त्या आकड्याच्या, उतरत्या क्रमाने लावायचे: ६०, ४१, २२, ९, ७, ६, ३, १. सहाव्या निबंधाला ६ सायटेशन आहेत, सातव्याला ७ नाहीत. किमान ६ सायटेशन असलेले निबंध ६, म्हणजे एच-इंडेक्स ६. पहिल्या निबंधाचे ६० उद्या ६०० झाले तरी तो ६ च राहतो. 

गोंधळ होतो तो इम्पॅक्ट फॅक्टरपाशी. एखाद्या जर्नलचा २०२४ चा आकडा असा निघतो: २०२२ आणि २०२३ मध्ये तिथे छापून आलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले शोधनिबंध आणि रिव्ह्यू, म्हणजे आढावा घेणारे लेख. म्हणजे सरासरी, आणि तीही लंगडी. समजा १०० निबंधांना मिळून ५०० सायटेशन आली. इम्पॅक्ट फॅक्टर ५. त्यांतली २५० एकट्या एका रिव्ह्यूची, १०० आणखी चार निबंधांची. उरलेल्या ९५ जणांच्या वाट्याला १५०, म्हणजे प्रत्येकी दीडच्या आसपास. यांतला प्रत्येक जण बायोडेटात आपल्या निबंधापुढे ५ लिहितो. शाळेचा दहावीचा निकाल ९५ टक्के लागला म्हणून तिथल्या प्रत्येक मुलाच्या गुणपत्रिकेवर ९५ टक्के लिहावेत, तसलाच हा प्रकार.

सिरॅमिक्सवाल्यांना तर ही दोन वर्षांची खिडकी मुळातच सोयीची नाही. भुकटी तयार करा, दाबा, सिंटर करा (भट्टीत तापवून घट्ट करा), घासून नमुने काढा, मग चाचणी. सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकची ५,००० तासांची क्रीप चाचणी (तापलेला नमुना भाराखाली हळूहळू किती वाकतो-ताणतो ते पाहणारी) लावली की एका नमुन्यासाठी भट्टी जवळपास सात महिने अडकते. तुमचा निबंध वाचून कोणी असं काम हाती घेतलं, तर त्याचं सायटेशन येईपर्यंत खिडकी बंद झालेली असते. बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर लिहिणाऱ्याला ही अडचण एवढी नाही. म्हणून या दोघांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं मला मुळीच मान्य नाही, मग दोघे एकाच विभागात का बसत असेनात.

बेडनोर्झ आणि म्युलर या भौतिकशास्त्रज्ञांनी सिरॅमिक ऑक्साइडमधली अतिवाहकता (विजेला काहीच विरोध न होणं) १९८६ मध्ये ‘त्साइटश्रिफ्ट फ्युर फिजिक बी’ या जर्नलात छापली. ‘नेचर’ नव्हे, ‘सायन्स’ नव्हे. पुढच्याच वर्षी नोबेल. जर्नलच्या नावावरून निबंध जोखणाऱ्याने तो उघडलाही नसता.

मग ही चूक का टिकते? कारण तिला गुण मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतल्या तक्त्यात जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर १ पेक्षा कमी असेल तर निबंधाला १० गुण आणि १० च्या वर असेल तर ३०. असा तक्ता समोर असल्यावर बेरजा होणारच.

सायटेशन मोजली म्हणजे प्रभाव मोजला, असंही नाही. सिरॅमिकचा चिवटपणा, म्हणजे भेग पसरायला होणारा विरोध, काढायची एक सोपी रीत आहे: विकर्सच्या टोकदार हिऱ्याने पृष्ठभागावर ठसा उमटवायचा, त्याच्या कोपऱ्यांतून निघालेल्या भेगा मोजायच्या आणि लांबी सूत्रात घालायची. या सूत्राचा १९८१ चा निबंध, अ‍ॅन्स्टिस आणि सहकाऱ्यांचा, आजही सर्रास उद्धृत होतो, बहुधा प्रयोगपद्धतीच्या परिच्छेदात एका ओळीत. २००७ मध्ये क्विन आणि ब्रॅट यांनी ही रीत चिवटपणा मोजायला वापरूच नये असं सविस्तर दाखवलं. हरकत घेण्यासाठी दिलेलं सायटेशनही मोजणीत एकच धरलं जातं. म्हणून कोणाचं काम जोखायचं असेल तर त्याचे पाच निबंध घ्या आणि ते उद्धृत करणारी वाक्यं वाचा. दुपार जाते, पण कळतं.

दोघा संशोधकांची तुलना करायला आकडाच हवा असेल तर दोघांचाही एकाच ठिकाणाहून घ्या. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (जर्नलात छापण्याआधी खुले केलेले मसुदे) मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसपेक्षा सहसा फुगलेला. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळून बघा. ‘स्टॅनफर्डची दोन टक्क्यांची यादी’, म्हणजे सायटेशनवरून काढलेली वरच्या दोन टक्के संशोधकांची, अशी बातमी आली की एवढंच विचारा: कारकिर्दीची की एका वर्षाची? याद्या दोन वेगवेगळ्या असतात. आणि आपल्याकडे नाव नीट तपासा. ‘एस. नाईक’ किंवा ‘ए. फर्नांडिस’ शोधलं की कोण कोण एकत्र येईल याचा नेम नाही. देसाई रोमन लिपीत कधी एका एसने लिहितात, कधी दोन. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, मागून घ्या आणि त्यावरूनच शोधा.