केमोनंतरचा दुसरा आठवडा

परळच्या टाटा रुग्णालयात किंवा सिंधुदुर्गातल्या अनेकांप्रमाणे गोव्यात बांबोळीला केमोथेरपीचा डोस घेऊन कोकणातला रुग्ण गाडीने घरी परततो, तेव्हा त्याची प्रकृती बऱ्याचदा घरच्यांना वाटली होती त्याहून बरी असते. शिरेतून औषध देण्याचे काम काही तासांत उरकते, पण त्याचे दुष्परिणाम आपापल्या वेळेने येतात आणि एका डोसापासून पुढच्या डोसापर्यंतच्या, बहुधा २१ दिवसांच्या चक्रातले बहुतेक दिवस रुग्ण राजापूर किंवा देवगडच्या एखाद्या वाडीत, डॉक्टरांच्या नजरेआड काढतो. त्यामुळे कोणता त्रास साधारण कधी येणार आणि त्यातला कोणता सकाळपर्यंत थांबू शकत नाही, हे घरच्यांना ठाऊक असणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

पहिला त्रास उलट्यांचा. औषधामुळे आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात आणि त्याचा संदेश नसांवाटे मेंदूपर्यंत जातो. ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधे हा संदेश अडवतात, म्हणून पहिल्या दिवसाच्या उलट्या आता पुष्कळ आटोक्यात आल्या आहेत. सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधांनंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत राहणारी मळमळ मात्र मुख्यतः वेगळ्या मार्गाने येते, आणि तिच्यासाठी वेगळ्या गोळ्या लिहून दिलेल्या असतात. त्या ठरल्या वेळी, मळमळ नसली तरी घ्यायच्या असतात, कारण उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकणेच अवघड होते. त्यांत ओलान्झापिन असेल, तर ती मानसिक आजाराची गोळी आहे असे कोणी सांगितले म्हणून परस्पर बंद करू नये. लहान मात्रेत ती मळमळीवर फार गुणकारी ठरते, फक्त तिने झोप येते.

खरी काळजी दुसऱ्या आठवड्याची. केमोची बरीच औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि अस्थिमज्जेतल्या रक्त घडवणाऱ्या पेशी त्यांतच मोडतात. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या सर्वांत खाली जाते. एरवी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड हजारांहून अधिक असतात. पाचशेच्या खाली गेल्या की जंतूंना अडवणारे फारसे कोणी उरत नाही. जखमेची लाली, सूज, पू ही या पेशींच्याच लढाईची चिन्हे असल्यामुळे त्या नसताना संसर्ग अंगात पसरला तरी बाहेर काही दिसत नाही, आणि ताप हीच एकमेव खूण उरते. म्हणून कपाळाला हात लावून अंदाज करण्यापेक्षा घरात डिजिटल थर्मामीटर असावा. पारा १००.४ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ३८ सेल्सिअसला पोचला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावे. रुग्णालयात पोचल्यावर पहिले प्रतिजैविक तासाभरात मिळावे, असा दंडक आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नये, कारण त्याने पारा उतरतो आणि संसर्ग तसाच राहतो. पावसाळ्यात ‘पावसाचा ताप असेल’ म्हणून दोन दिवस वाट पाहण्याची आपल्याकडची सवय या आठवड्यात जिवावर बेतू शकते. जवळचे कोणते रुग्णालय रात्री दाखल करून घेते, गाडी कोणाची मिळेल आणि केमोची फाइल कुठे ठेवली आहे, हे आधीच ठरलेले बरे.

तंबाखू आणि मिश्रीमुळे आपल्याकडे तोंडाचे कर्करोग बरेच आहेत, आणि त्यांत किरणोपचार घ्यावे लागले तर आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे ते चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाचे अस्तर सोलवटते. अशा तोंडाला सोलकढी सोसत नाही. कोकमाचा आंबटपणा आणि मिरची दोन्ही झोंबतात. उकड्या तांदळाची पेज गार करून, वर तूप घालून, किंवा काटे काढून कुस्करलेला वाफवलेला मासा मऊ भातात कालवून दिला तर घास उतरतो. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून अनेकदा चूळ भरावी. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळावा, आणि ‘दातांसाठी’ म्हणून चालू ठेवलेली मिश्री अर्थातच बंद करावी. गिळणे फारच कठीण झाले तर डॉक्टर नाकातून नळी सुचवतात. ‘नळी घातली म्हणजे संपले’ ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. वजन टिकवून किरणोपचार न खंडता पूर्ण व्हावेत म्हणूनच ती घातलेली असते.

नसांवरचा परिणाम हळूहळू जाणवतो. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध घेतल्यावर काही दिवस गार स्पर्श सहन होत नाही. बर्फातला बांगडा हातात घेतला तरी बोटांना झिणझिण्या येतात आणि फ्रिजमधले पाणी प्यायल्यावर घसा आवळल्यासारखा वाटतो. पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाने तळवे बधिर होतात. अशा पायांनी जांभ्या दगडाच्या अंगणात अनवाणी फिरताना झालेली जखम कळतही नाही, आणि लावणीच्या चिखलात तीच जखम लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूंना वाट करून देते. म्हणून त्या हंगामात शेतात न उतरणेच योग्य, आणि मासे साफ करण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. शर्टाचे बटण लावताना बोटे अडखळू लागली, तर ते पुढच्या डोसाआधीच डॉक्टरांना सांगावे. त्या टप्प्यावर मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते. सिस्प्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन अशा प्लॅटिनमच्या औषधांच्या बाबतीत तर डोस थांबल्यावरही काही महिने बधिरता वाढत जाऊ शकते.