मॉर्मन पंथ आणि ख्रिस्ती धर्म

मॉर्मन पंथ : जोसेफ स्मिथ (१८०५–४४) याने अमेरिकेत १८३० मध्ये स्थापन केलेला पंथ. त्याच्या सर्वांत मोठ्या शाखेचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे असून तिचे मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. आपली सभासदसंख्या १ कोटी ७० लाखांच्या वर असल्याचे ही शाखा सांगते. येशू हा देवाचा पुत्र आणि जगाचा तारणारा आहे, तो वधस्तंभावर मरण पावला व तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, हे मॉर्मन लोक निःसंदिग्धपणे मानतात. तरीही कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या (चर्च) त्यांना आपल्यात धरत नाहीत. हा वाद पंथाइतकाच जुना आहे. बोलणे बहुधा मॉर्मनांच्या जादा धर्मग्रंथापासून सुरू होते. खरा तिढा मात्र ग्रंथापेक्षा ईश्वराच्या स्वरूपात आणि बाप्तिस्मा (पंथप्रवेशाचा पाण्याने होणारा संस्कार) देण्याच्या अधिकारात आहे.

स्मिथ वाढला तो न्यूयॉर्क राज्यातील पामायरा या गावाजवळ. त्या पट्ट्यात तेव्हा मेथडिस्ट, बाप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन प्रचारकांची अनुयायी मिळवण्यासाठी चढाओढ चालली होती. यातली खरी मंडळी कोणती, या पेचात असताना १८२० मध्ये रानात प्रार्थना करताना आपल्याला दर्शन झाले आणि यांपैकी एकाही मंडळीत जाऊ नकोस असे सांगण्यात आले, असे स्मिथचे म्हणणे. पुढे मोरोनी नावाच्या देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर दैवी साहाय्याने भाषांतरित केल्याचे सांगून त्याने मार्च १८३० मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापून घेतले. पहिल्या आवृत्तीच्या ५,००० प्रती निघाल्या. ६ एप्रिल १८३० रोजी मंडळीची स्थापना झाली. ओहायो, मिसूरी, इलिनॉय असे हुसकले जात जात तिचे लोक पुढे सरकत राहिले. २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घालून ठार केले. त्यानंतर ब्रिगॅम यंगच्या नेतृत्वाखाली मोठा गट १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. बहुपत्नीत्वाची प्रथा या गटाने १८५२ मध्ये उघडपणे जाहीर केली आणि सरकारी दडपणाखाली १८९० मध्ये सोडून दिली. आज ती पाळणारे छोटे गट मुख्य शाखेच्या बाहेरचे आहेत. ख्रिस्ती असण्या-नसण्याच्या प्रश्नाशी या प्रथेचा संबंध वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे.

मॉर्मनांचे मान्य धर्मग्रंथ चार : बायबल, ‘बुक ऑफ मॉर्मन’, स्मिथला वेळोवेळी झालेल्या साक्षात्कारांचा मुख्यत्वे संग्रह असलेले ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’ आणि ‘पर्ल ऑफ ग्रेट प्राइस’. बायबल ‘जेथवर भाषांतर बरोबर आहे तेथवर’ देवाचे वचन, अशी त्यांची अट आहे. ‘बुक ऑफ मॉर्मन’ला तशी अट नाही. या ग्रंथात लेही नावाचा संदेष्टा इ. स. पू. ६०० च्या सुमारास जेरुसलेम सोडून कुटुंबासह समुद्रमार्गे अमेरिकेत येतो. त्याच्या वंशजांतून नेफाइट आणि लेमनाइट असे दोन समाज होतात, त्यांच्यात युद्धे होतात, आणि पुनरुत्थानानंतर येशू स्वतः नेफाइटांमध्ये उतरून प्रवचन करतो. पुरातत्त्व आणि आनुवंशशास्त्र यांत या कथेला आधार सापडलेला नाही. मूळ अमेरिकन लोकांचे लेमनाइट हे ‘प्रमुख पूर्वज’ होत, हे प्रस्तावनेतले विधानही २००७ मध्ये ‘पूर्वजांपैकी’ असे सौम्य करण्यात आले.

ऐतिहासिकतेचा प्रश्न बाजूला ठेवून हा ग्रंथ वाचला, तर तो अनोळखी धर्माचा वाटत नाही. किंग जेम्स बायबल या जुन्या इंग्रजी भाषांतराची भाषा, यशया संदेष्ट्याचे अध्यायच्या अध्याय, पाप, पश्चात्ताप, कृपा, पाण्यात बुडवून दिलेला बाप्तिस्मा : १८३० च्या अमेरिकन प्रॉटेस्टंट प्रवचनात शोभावे असे सारे यात आहे. येशू हाच ख्रिस्त आणि सनातन देव आहे, हे यहुदी व इतर सर्वांना पटवणे हा आपला हेतू, असे त्याचे मुखपृष्ठच सांगते. पहिल्या आवृत्तीत लेहीचा मुलगा नेफी याला दृष्टान्तात दिसणारी कुमारी ‘देवाची माता’ होती. १८३७ च्या आवृत्तीत स्मिथने तिथे ‘देवाच्या पुत्राची माता’ असे केले. मॉर्मन भाष्यकार याला खुलासा म्हणतात. टीकाकारांना त्यात बदलत चाललेली देवकल्पना दिसते. स्मिथचे नंतरचे लिखाण पाहता टीकाकारांचे म्हणणे अधिक वजनदार वाटते. रानातल्या दर्शनाचे त्याने स्वतः लिहिलेले सर्वांत जुने टिपण १८३२ चे आहे आणि त्यात ‘प्रभू’ दिसल्याचा उल्लेख आहे. १८३८ पासून लिहिलेल्या प्रसिद्ध वृत्तान्तात पिता आणि पुत्र अशा दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. १८४३ मध्ये त्याने सांगितले, की पित्याला माणसासारखेच हाडामांसाचे शरीर आहे, पुत्रालाही आहे. पवित्र आत्मा तेवढा अशरीरी. मृत्यूच्या सुमारे अडीच महिने आधी, ७ एप्रिल १८४४ च्या प्रवचनात तो आणखी पुढे गेला : देवही एके काळी माणूस होता आणि माणसाने देवत्वाला पोहोचायचे आहे.

देवाला शरीर आहे एवढ्यावरून इतका गहजब कशाला, असे आपल्याकडच्या वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. ख्रिस्ती परंपरेत मात्र निर्माता आणि निर्मिती यांच्यामधली दरी हाच सगळ्याचा पाया आहे. देवाने शून्यातून सृष्टी केली आणि तो स्वतः कशापासूनही झाला नाही. इ. स. ३२५ च्या नायसिया धर्मसभेने पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ असल्याचे ठरवले ते याच चौकटीत, आणि त्यातूनच पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव हा त्रैक्याचा सिद्धान्त पक्का झाला. मॉर्मन मतानुसार हे तिघे हेतूने एक आहेत, अस्तित्वाने तीन. द्रव्य अनादी आहे, माणसाचा आत्माही कुठल्या तरी रूपात अनादी आहे, आणि स्वर्गीय पित्यासोबत स्वर्गीय माताही आहे. म्हणजे येथे देव आणि माणूस यांच्यात जातीचा फरक राहत नाही, पायरीचा राहतो.

मॉर्मनांचे उत्तर असे, की नायसियाच्या सूत्राने ख्रिस्ती माणूस ठरवायचा तर पहिल्या तीन शतकांतील कितीतरी श्रद्धावंत बाहेर पडतील. येशूच्या प्रेषितांच्या निधनानंतर मंडळी भ्रष्ट झाली, अधिकार पृथ्वीवरून उठला आणि स्मिथच्या हातून तो परत आला, हा त्यांचा मूळ दावा आहे. हा युक्तिवाद दिसतो तितका निरुपद्रवी नाही. आम्हालाही ख्रिस्ती म्हणा, असे म्हणणाऱ्या या पंथाच्या मते बाकी सगळ्या मंडळ्या अधिकार गमावलेल्या आहेत. १८३८ च्या वृत्तान्तात तर त्यांचे विश्वासांगीकार (श्रद्धेची अधिकृत सूत्रे) देवाला घृणास्पद असल्याचे म्हटले आहे.

हा तिढा सर्वांत स्पष्ट दिसतो तो बाप्तिस्म्यात, म्हणजे वसईकडचे कॅथलिक ज्याला स्नानसंस्कार म्हणतात त्यात. कॅथलिक नियम याबाबत कमालीचा उदार आहे. पाणी, त्रैक्याच्या नावाचे सूत्र आणि मंडळीला अभिप्रेत असलेले करण्याचा हेतू, एवढे असले की प्रॉटेस्टंटाने दिलेला, किंबहुना अडचणीच्या वेळी अख्रिस्ती माणसाने दिलेला बाप्तिस्माही ग्राह्य ठरतो. मॉर्मन पुरोहित उमेदवाराला कुंडात संपूर्ण बुडवतो आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्याच नावाने बाप्तिस्मा देतो. पाणीही तेच, नावेही तीच. तरीसुद्धा ५ जून २००१ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने, कार्डिनल योझेफ रात्सिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या सहीने, हा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असे उत्तर दिले. कारण नावे तीच असली तरी त्यांमागची देवकल्पना वेगळी, त्यामुळे हेतूही वेगळा. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चने २००० मध्येच असा निर्णय घेऊन मॉर्मन पंथातून येणाऱ्यांना पुन्हा बाप्तिस्मा देण्याचे ठरवले होते. उलट बाजूनेही तोच न्याय आहे. कॅथलिक असो वा बाप्टिस्ट, मॉर्मन होणाऱ्या प्रत्येकाचा नव्याने बाप्तिस्मा होतो. मृत पूर्वजांच्या वतीने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घेण्याची प्रथाही मॉर्मन मंदिरांत आहे. वंशावळी जमवण्याचा त्यांचा प्रचंड खटाटोप त्यासाठीच. कॅथलिक पूर्वजांची नावे त्यात जाऊ नयेत म्हणून व्हॅटिकनने २००८ मध्ये पॅरिशच्या (स्थानिक धर्मग्रामांच्या) नोंदवह्या मॉर्मनांच्या वंशावळ संस्थेला देऊ नयेत असे बिशपांना कळवले.

अमेरिकेत या प्रश्नाला राजकीय धारही आली. मॉर्मन असलेले मिट रॉम्नी अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले तेव्हा २०११ मध्ये एका बाप्टिस्ट पाळकाने त्यांच्या पंथाला जाहीरपणे ‘कल्ट’ (भलत्या वाटेचा पंथ) म्हटले. पुढच्या वर्षी, निवडणुकीच्या तोंडावर, प्रसिद्ध प्रॉटेस्टंट प्रचारक बिली ग्रॅहम यांच्या संस्थेने आपल्या संकेतस्थळावरील कल्टच्या यादीतून मॉर्मनांचे नाव काढून टाकले. ऐन वेळी झालेला हा बदल धर्मशास्त्रामुळे झाला असे मानणे कठीण आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०११ मधील पाहण्यांत ९७ टक्के मॉर्मनांनी आपला धर्म ख्रिस्ती असल्याचे सांगितले. सर्वसाधारण अमेरिकनांपैकी ५१ टक्क्यांनी तसे मानले आणि ३२ टक्क्यांनी नाही म्हटले. मंडळीचा स्वतःचा कलही या काळात ख्रिस्ताच्या नावावर भर देण्याकडे आहे. १९८२ मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ला ‘येशू ख्रिस्ताचा आणखी एक करार’ हे उपशीर्षक जोडले गेले, आणि २०१८ मध्ये मंडळीचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ ऐवजी पूर्ण नावच वापरावे असा आग्रह धरला.

भारतात हा पंथ लवकर येऊन गेला. ह्यू फिंडले हा मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि नंतर पुण्यातही त्याने प्रचार केला. मात्र ही मोहीम काही वर्षांतच विरली. देशातील पहिले मंदिर बंगळुरू येथे होणार असल्याची घोषणा २०१८ मध्ये झाली.

धर्माच्या अभ्यासकांमध्येही एकमत नाही. काहींच्या मते यहुदी धर्मातून जसा ख्रिस्ती धर्म निघाला तसा ख्रिस्ती धर्मातून निघालेला हा नवा धर्म आहे. काही जण त्याला ख्रिस्ती धर्माचीच, कॅथलिक-ऑर्थोडॉक्स-प्रॉटेस्टंट यांच्याबाहेरची, चौथी शाखा म्हणतात. ग्रंथावर सगळे अवलंबून नाही, याचा उत्तम दाखला मिसूरीतील ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ या शाखेत मिळतो. यंगच्या मागे न गेलेल्या अनुयायांनी स्मिथच्या मुलाच्या नेतृत्वाखाली १८६० मध्ये ती संघटित केली. तिच्या मान्य ग्रंथांत आजही ‘बुक ऑफ मॉर्मन’ आहे. पण ती त्रैक्य मानते, देव एके काळी माणूस होता असे शिकवत नाही आणि इतर मंडळ्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य धरू लागली आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चर्च परिषदेने तिला सभासद करून घेतले.