पोर्ट अँटोनिओ

पोर्ट अँटोनिओ : जमैका बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरील बंदर व पोर्टलंड परगण्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सुमारे १५,०००. राजधानी किंग्स्टनपासून रस्त्याने साधारण १०० किमी. स्थानिक लोक गावाला ‘पोर्टी’ म्हणतात. एके काळी केळीच्या व्यापाराने भरभराटीला आलेले हे बंदर जमैकातील पर्यटनाचेही उगमस्थान आहे, आणि या दोन्ही गोष्टी मुळात एकच होत्या : केळी न्यायला येणारी जहाजे रिकामी कशाला आणायची, म्हणून त्यांतून प्रवासी आणले गेले. आता मोठी क्रूझ जहाजे बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ओचो रिओस, फॉलमथ आणि माँटेगो बे येथे लागतात. पोर्ट अँटोनिओच्या वाट्याला येतात त्या शिडाच्या नौका, लहान जहाजे आणि रस्त्याने आलेली तुरळक माणसे. त्यामुळे गाव आपल्या रोजच्या उद्योगात असते आणि प्रवासी त्यातला एक होऊन फिरू शकतो. जमैकाच्या किनाऱ्यावर असे ठिकाण आता विरळाच.

गावाची रचना एका चिंचोळ्या भूशिरावर बेतलेली आहे. टिचफील्ड हे ते भूशिर. त्याच्या एका बाजूला पूर्व बंदर, दुसऱ्या बाजूला पश्चिम बंदर. पश्चिम बंदराच्या तोंडाशी नेव्ही आयलंड हे झाडीने भरलेले छोटे बेट आडवे पडले आहे, म्हणून आतले पाणी बाहेर समुद्र खवळलेला असतानाही बरेचसे शांत राहते. मागे ब्लू माउंटन आणि जॉन क्रो या डोंगररांगा. ब्लू माउंटनचे सर्वोच्च शिखर २,२५६ मी. उंच आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे या डोंगरांना अडतात आणि पाऊस पोर्टलंडमध्ये ओततात. जमैकातला सर्वांत पावसाळी परगणा तो हाच. केळीला असेच हवामान लागते.

पोर्टलंड परगण्याची स्थापना १७२३ मध्ये झाली. त्याला आणि टिचफील्डला ही नावे मिळाली ती त्या वेळचे गव्हर्नर ड्यूक ऑफ पोर्टलंड यांच्यावरून. पण वस्ती वाढेना. मागच्या डोंगरांत मरून लोकांचे राज्य होते. मरून म्हणजे मळ्यांतून निसटलेले, दऱ्याखोऱ्यांत स्वतंत्र वस्त्या करून राहिलेले आफ्रिकी गुलाम व त्यांचे वंशज. त्यांच्या छाप्यांपुढे इंग्रज मळेवाल्यांची डाळ शिजेना. बंदराच्या रक्षणासाठी भूशिराच्या टोकावर फोर्ट जॉर्ज हा किल्ला बांधण्यात आला. १७३९-४० च्या सुमारास इंग्रजांना मरूनांशी तह करून त्यांचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले. पूर्वेकडील मरूनांची नेता नॅनी ही आज जमैकाच्या अधिकृत राष्ट्रवीरांपैकी एकमेव स्त्री असून ५०० डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आहे. किल्ल्याच्या जागेत आता टिचफील्ड शाळा भरते. शाळेची स्थापना १७८६ सालची. जुन्या तोफा तिच्या आवारात अजून समुद्राकडे तोंड करून आहेत.

गावाचे नशीब पालटले ते १८७० नंतर. मॅसॅच्युसेट्समधील लोरेन्झो डाऊ बेकर नावाच्या जहाजाच्या कप्तानाने त्या वर्षी जमैकातून केळीचे घड अमेरिकेत नेऊन विकले आणि त्यात त्याला चांगला पैसा सुटला. पुढे त्याने पोर्ट अँटोनिओलाच आपले ठाणे केले. १८८५ मध्ये बॉस्टन फ्रूट कंपनी उभी राहिली. १८९९ मध्ये मायनर कीथ या अमेरिकी उद्योजकाच्या मध्य अमेरिकेतील केळीच्या व्यवसायाशी ती जोडली जाऊन युनायटेड फ्रूट कंपनी झाली. लॅटिन अमेरिकेतील सरकारे हलवणाऱ्या या बलाढ्य कंपनीचे एक मूळ या लहानशा बंदरात आहे, हे धक्क्यावर उभे राहणाऱ्याने ध्यानात ठेवावे. साखरेचे मळे गोऱ्या जमीनदारांचे होते, केळी मात्र गुलामगिरीतून सुटलेल्या लहान शेतकऱ्यालाही डोंगरउतारावर लावता आली. त्याच्या हातात रोख पैसा प्रथम आला तो केळीमुळे, आणि त्याच केळीने त्याला कंपनीच्या भावाशी बांधूनही टाकले.

मोजणीची पद्धत पाहिली म्हणजे हे बांधले जाणे कळते. घडाची किंमत फण्यांवर ठरे. नऊ किंवा अधिक फण्यांचा घड पूर्ण धरला जाई, आठ फण्यांचा पाऊण, सात फण्यांचा अर्धा आणि सहा फण्यांचा पाव. एक फणी कमी भरली की शेतकऱ्याचे चौथ्या हिश्शाचे पैसे गेले, दुसरी कमी भरली की आणखी तेवढेच. प्रत्यक्षात केळी मात्र तेवढ्या प्रमाणात कमी नसत. जहाज भरण्याचे काम बहुधा रात्री चाले. बायका आणि पुरुष डोक्यावर घड घेऊन रांगेने धक्क्यावर चढत, वाटेत टॅलीमन प्रत्येक घड पाहून त्याची नोंद करी. वेळ दवडून चालत नसे, कारण हिरवा घड एकदा कापला की त्याचे दिवस मोजलेलेच. १८९६ मध्ये रेल्वे पोर्ट अँटोनिओपर्यंत आली तीही या घाईपोटीच. त्या काळी सगळा माल ग्रो मिशेल जातीचा होता : मोठा घड, जाड साल, पेटीत न घालताही समुद्रप्रवास सोसणारा.

१९ व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पोर्टलंड व शेजारच्या परगण्यांतील केळीच्या मळ्यांवर भारतीय करारबद्ध मजूरही होते. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६,००० भारतीय जमैकात आले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहार पट्ट्यातले, कलकत्त्याहून जहाजात बसलेले. मराठी मुलखाशी त्यांचा संबंध जवळपास नाही. पहिले जहाज १० मे १८४५ रोजी ओल्ड हार्बर बे येथे लागले, आणि १० मे हा दिवस जमैकात भारतीय वारसा दिन म्हणून पाळला जातो. बकऱ्याच्या मटणाची करी आज जमैकन लग्नातले आणि समारंभातले मानाचे पान आहे, ती या लोकांनी दिलेली.

बेकरने टिचफील्ड टेकडीवर हॉटेल बांधले आणि थंडीने गारठलेले श्रीमंत अमेरिकन केळीच्या जहाजांतून इथे हवापालटाला येऊ लागले. जहाज फळे घेऊन उत्तरेला जाई, माणसे घेऊन परत येई. जमैकाच्या पर्यटनाची ही सुरुवात. हॉटेल पुढे आगीत गेले. टेकडीवरच्या त्या काळच्या लाकडी घरांची नक्षीदार कठडे आणि उंच व्हरांडे असलेली ओळ मात्र उरली आहे. गावात राहायचे तर याच टेकडीवर राहावे. समुद्रकाठच्या बंदिस्त हॉटेलांतून गाव दिसत नाही. चौकाजवळचे लाल विटांचे क्राइस्ट चर्च १८४० चे आहे. त्यातील गरुडाच्या आकाराचा पितळी वाचनपीठ बॉस्टन फ्रूट कंपनीने दिलेला : देवळातही केळीचाच पैसा.

केळीचा ऱ्हास एका घावात झाला नाही. पनामा रोग या बुरशीने ग्रो मिशेलची मुळे कुजवली, १९३० नंतर पानांवरचा करपा आला, दुसऱ्या महायुद्धात जहाजेच थांबली. मधूनमधून येणारी वादळे तर एका रात्रीत बागा आडव्या करत. नव्या जाती आल्या, ब्रिटनच्या बाजारपेठेने काही दशके आधार दिला. २००८ च्या गुस्ताव वादळानंतर मोठ्या कंपनीच्या निर्यातीचा व्यवहार बंद पडला. पोर्टलंडमध्ये केळी आजही घरोघर आहे. कच्ची उकडून ती न्याहारीला खातात.

दुसरा बहर चित्रपट अभिनेता एरॉल फ्लिन याने आणला. १९४६ मध्ये त्याची ‘झाका’ ही नौका जमैकाच्या किनाऱ्याला लागली. पोर्ट अँटोनिओ त्याच्या मनात इतके भरले की त्याने नेव्ही आयलंड विकत घेतले. आजच्या नौकाधक्क्याला त्याचेच नाव आहे. गावाजवळ रिओ ग्रांदे नदी समुद्राला मिळते. तिच्यावरून बांबूच्या तराफ्यांवर केळी खाली येत असे. त्या तराफ्यांवर पाहुण्यांना बसवून फिरवण्याची टूम फ्लिनने काढली असे सांगतात, आणि ती आजतागायत टिकली आहे. सुमारे तीस फूट लांबीचा अरुंद तराफा, मागच्या बाजूला दोघांपुरते बांबूचेच बाक, पुढे उभा राहून लांब काठीने तराफा हाकणारा नावाडी. बेरिडेलहून निघून सेंट मार्गरेट्स बे येथे समुद्राजवळ उतरेपर्यंत दोन-तीन तास जातात. नदी कुठे गुडघाभर, कुठे खोल आणि हिरवीगार. नावाडी बहुधा काठावरच्याच गावांतले, तराफाही त्यांनी स्वतःच बांधलेला. पाण्यात बांबू काही महिनेच टिकतो, मग नवा बांधायचा. वाटेत काठावर चुलीवर रांधलेले जेवण मिळते. दिवसाचा कार्यक्रम आखताना या नदीसाठी सबंध सकाळ मोकळी ठेवावी.

गावाच्या पूर्वेला फॉली या भव्य वाड्याचे अवशेष आहेत. आल्फ्रेड मिचेल या धनिक अमेरिकनाने तो १९०५ मध्ये काँक्रीटमध्ये बांधला. मिश्रणात खारे पाणी वापरल्याने आतले लोखंड गंजले आणि वाडा ढासळला, असे सांगितले जाते. नवी नवरी पायरीवर असतानाच छत कोसळले ही कथा गावात ऐकायला मिळते, ती खरी नाही. मिचेल कुटुंब तिथे काही वर्षे राहिले होते. त्याच रस्त्याने पुढे फ्रेंचमन्स कोव्ह येथे गोड्या पाण्याचा ओढा थेट पुळणीवरून समुद्रात उतरतो. त्यापुढे ब्लू लगून : तळातल्या झऱ्यांचे थंड पाणी आणि समुद्राचे कोमट पाणी इथे एकत्र येते, आणि पोहणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी अंगाला लागतात. त्याला तळच नाही असा लौकिक असला तरी खोली साठ मीटरच्या आत आहे.

किनाऱ्यांविषयी एक गोष्ट प्रवाशाने जाणून घ्यावी. जमैकात समुद्रकाठावर जाण्याचा सर्वसाधारण हक्क कायद्याने जनतेला नाही; १९५६ च्या कायद्यापासून किनारे परवान्यांवर चालतात आणि चांगल्या पुळणी हॉटेलांच्या ताब्यात जात राहिल्या आहेत. फेअरी हिल येथील विनिफ्रेड बीच मात्र परिसरातल्या लोकांनी न्यायालयात लढून सर्वांसाठी खुला ठेवला. रविवारी गावातली कुटुंबे तिथेच दिसतात. खाण्याच्या टपऱ्या त्यांच्याच आहेत, तेव्हा पैसे खर्च करायचे तर तिथे करावेत.

गावाच्या पूर्वेकडील बॉस्टन बे हे जर्क या मसालेदार भाजलेल्या मांसाचे माहेरघर मानले जाते. मरून लोक रानडुकराचे मांस मिरची-मसाला चोळून, धूर फार दिसू नये अशा बेताने खड्ड्यात मंद भाजत. आजचे जर्क त्यातूनच आले. ऑलस्पाइस या मसाल्याच्या झाडाच्या ओल्या काठ्या निखाऱ्यांवर आडव्या मांडतात आणि मांस त्यांवर ठेवतात, म्हणजे मसाला आतून आणि धूर बाहेरून एकाच झाडाचा लागतो. स्कॉच बॉनेट मिरची मात्र जपून. कोल्हापुरी जिभेलाही ती झणका देते. सोबत भाजलेला नीरफणस किंवा ‘फेस्टिव्हल’ ही गोडसर तळलेली दशमी घ्यावी. शाकाहारी माणसाचीही उपासमार होत नाही. रास्ताफारी या जमैकन धर्मपंथाच्या लोकांच्या ‘आयटल’ खानावळींत मांस नसते. कॅलालू ही माठाच्या जातीची पालेभाजी आहे, आणि नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात सगळीकडे मिळतो. अ‍ॅकी हे राष्ट्रीय फळ झाडावर आपोआप उकलल्याशिवाय विषारी असते, तेव्हा ते शिजवलेलेच आणि माहीतगाराच्या हातचे खावे.

नॅनीच्या लोकांचे मूर टाउन हे गाव पोर्ट अँटोनिओच्या दक्षिणेला डोंगरात आहे. नॅनीचे स्मारक तिथेच आहे. गावप्रमुखाला ‘कर्नल’ म्हणतात, आणि पाहुण्याने आधी त्यांच्या माणसांची गाठ घेऊन मगच फिरावे असा रिवाज आहे. या समाजाच्या संगीत-परंपरेला युनेस्कोने २००३ मध्ये गौरवले. २०१५ मध्ये ब्लू अँड जॉन क्रो माउंटन्स हे जमैकातील पहिले जागतिक वारसास्थळ ठरले. मूर टाउनला जाणाऱ्याने किनाऱ्यावरचा एक दिवस कमी केला तरी चालेल, पण हे गाव चुकवू नये.

भारतातून जमैकाला थेट विमान नाही. मार्ग बहुधा ब्रिटन, अमेरिका किंवा कॅनडातून जातो, म्हणून वाटेतल्या देशाच्या व्हिसाची चौकशी आधी करावी. किंग्स्टनला उतरल्यावर क्रिकेटवेडा मराठी माणूस सबाइना पार्क पाहिल्याशिवाय पुढे निघत नाही. १९७१ मध्ये मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा केल्या त्या याच मैदानावर. तिथून अ‍ॅनोटो बे मार्गे किनाऱ्याच्या रस्त्याने दोन-तीन तासांत पोर्ट अँटोनिओ येते. डोंगरातला रस्ता अधिक देखणा आहे, पण पावसात तिथे दरडी कोसळतात. लाल नंबरप्लेटच्या शेअर टॅक्सी ठरलेल्या मार्गावर धावतात आणि गाडी भरली की सुटतात. दुकानात शिरताना, टॅक्सीत बसताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे, मग काम सांगावे. तसे न करणे इथे उद्धटपणाचे समजतात. पोर्ट अँटोनिओचे मस्ग्रेव्ह मार्केट पाहायचे तर शनिवारी सकाळी. डोंगरातले शेतकरी याम हा कंद, हळद, आले आणि ऑलस्पाइस घेऊन उतरलेले असतात. डिसेंबर ते एप्रिल हा हंगाम बरा. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस जोरात असतो. तरी मार्लिन माशाच्या गळमासेमारीची इथली जुनी आंतरराष्ट्रीय स्पर्धा ऑक्टोबरमध्येच भरते, आणि त्या आठवड्यात टेकडीवरच्या खोल्या आधी ठरवाव्या लागतात.